ना धड पाल, ना धड पक्षी

आमच्या घरात सध्या ड्रॅगनांचा सुळसुळाट झाला आहे. वहीच्या शेवटच्या पानावर ड्रॅगन, दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर ड्रॅगन, फ्रीजवर चिकटवलेल्या कागदावर ड्रॅगन. मागच्या महिन्यात लाइटचं बिल भरायला काढलं, तर त्याच्याही पाठीवर एक आग ओकत बसलेला! हे सगळं आमच्या नातवाचं काम. वय वर्षं आठ, इयत्ता तिसरी.

याची सुरुवात झाली गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात. आपल्या बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. एकदा लागला की पोरांना आठ-आठ दिवस अंगण दिसत नाही. अशाच एका दुपारी नातू पाठकोरे कागद आणि पेन्सिल घेऊन माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "आजी, ड्रॅगन."

एवढंच. "काढून दे" नाही, "काढ की" नाही. एक शब्द.

मंडळी, मला रांगोळी येते. कासव, गोपद्म, ज्ञानकमळ, चैत्रांगण, सगळं येतं. पण ड्रॅगन? तरी म्हटलं बघूया. भिंतीवरची पाल आठवून एक अंग काढलं, त्याला कोंबडीचे पंख लावले, तोंडातून चार ज्वाळा सोडल्या. नातवानं कागद हातात घेतला, मान तिरकी करून बघितला आणि म्हणाला, "आजी, हे ना धड पाल, ना धड पक्षी."

स्वयंपाकघरात सूनबाईंचा भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

तो का थांबला, ते सांगायचं तर पंधरा दिवस मागं जायला हवं. आमच्या सूनबाई धारवाडच्या, घरचं बोलणं कन्नड. चिरंजीव नोकरीला हुबळीत, शनिवारी येतात. मी, सून आणि नातू असे तिघं घरात. पोर माझ्याशी मराठी बोलतं, आईशी कन्नड बोलतं आणि दोघी समोर असलो की दोन्हींचं कालवण करतं. या सदराच्या वाचकांपैकी निम्म्या घरांत हेच चालत असणार. तर त्या दिवशी शेजारच्या एक बाई आल्या होत्या. तेवढ्यात नातू आतून येऊन म्हणाला, "आजी, माझं होट्टी दुखायलंय, मला ऊटा नको." त्या बाई हसल्या. मला कसंसंच झालं. मी पण हसत म्हटलं, "हे असं आमचं. ना धड मराठी, ना धड कन्नड."

वाक्य हवेत विरून गेलं असं मला वाटलं होतं. ते विरलं नव्हतं. त्या दिवसापासून पोर माझ्याशी एकेका शब्दात बोलायला लागलं. येस, नो, ओके, वॉटर. मी समजले की शाळेचं वारं लागलं. आणि आता माझंच वाक्य, माझ्याच हेलात, माझ्या ड्रॅगनवर उलटून आलं होतं. माझं मलाच कळलं. सूनबाईंनी पुन्हा भाकरी थापायला घेतली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

पोराला काय सांगावं ते सुचेना. म्हणून म्हटलं, "बरं, मग धड कसा काढायचा ते दोघं मिळून शिकूया."

आणि आम्ही शिकायला लागलो.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की जगात नसलेला प्राणी काढायचा तर जगात असलेले प्राणी नीट बघावे लागतात. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. लिओनार्दो दा विंचीनं आपल्या टिपणांत चित्रकारांना हाच सल्ला दिला आहे. काल्पनिक प्राणी खरा वाटायला हवा असेल, तर त्याचा एकेक अवयव खऱ्या प्राण्याचा घ्या, डोकं शिकारी कुत्र्याचं, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, मान पाण्यातल्या कासवाची, असं. त्याच्या तरुणपणाची एक गोष्ट वासारी या चरित्रकारानं १५५० साली छापलेल्या ग्रंथात दिली आहे. एका ढालीवर भयंकर प्राणी रंगवायचा म्हणून लिओनार्दोनं खोलीत पाली, साप, नाकतोडे, फुलपाखरं, वटवाघळं असं काय काय गोळा केलं. ते मरून खोलीत दुर्गंधी सुटली, तरी कामाच्या नादात याला पत्ता नाही! ही गोष्ट नातवाला फार आवडली. लगेच काड्यापेटीत झुरळ ठेवायचा बेत ठरला. तो मी हाणून पाडला.

चीनमधले लोकही ड्रॅगनचं वर्णन असंच करतात. जुन्या चिनी परंपरेत ड्रॅगनची नऊ साम्यं सांगितली आहेत. शिंगं हरणाची, डोकं उंटाचं, डोळे राक्षसाचे, मान सापाची, पोट शिंपल्याचं, खवले कार्प माशाचे, नख्या गरुडाच्या, तळवे वाघाचे आणि कान बैलाचे. या ड्रॅगनला बहुधा पंख नसतात, तरी तो आभाळात हिंडतो. पंखवाला, आग ओकणारा ड्रॅगन युरोपातला. आमच्या नातवाला अर्थातच तोच हवा होता.

आता पंखांचा प्रश्न आला. कोंबडीचे पंख या ड्रॅगनला चालत नाहीत, त्याला लागतात वटवाघळाचे. आमच्या परसातल्या पेरूवर रात्री वटवाघळं येतात, पण अंधारात दिसणार काय? मग पुस्तकातलं चित्र बघितलं आणि चकित झाले. वटवाघळाचा पंख म्हणजे हात आहे हो! खांदा आहे, कोपर आहे, मनगट आहे. मनगटापाशी आकड्यासारखा छोटा अंगठा आहे आणि बाकीची चार बोटं लांबच लांब वाढून त्यांच्यामध्ये कातडी ताणलेली आहे. मी नातवाला म्हटलं, "हात पसर." त्यानं बोटं फाकवून हात पसरला. "आता ही बोटं कोपरापर्यंत लांब आहेत असं समज." त्याचे डोळेच मोठे झाले.

आणि नमुना तर दारातच उभा होता. आमची जुनी काळी छत्री! अर्धी मिटलेली छत्री जमिनीवर आडवी ठेवा आणि बघा. काड्या म्हणजे बोटं, कापड म्हणजे कातडी. दोन काड्यांच्या मध्ये कापडाची कड आत वळते, सरळ रेषेत जात नाही. ती कड तशी आत वळवली की पंख ताणलेला दिसतो, सरळ काढली तर पतंग होतो. आठवडाभर आम्ही छत्रीची चित्रं काढली. घरात कुणाला बाहेर जायचं असलं की आधी आमची परवानगी लागायची.

पुढची अडचण पायांची. हाडांचा कणा असलेल्या प्राण्यांना हातपाय मिळून चारच. पक्ष्याच्या पुढच्या दोनांचे पंख झाले, म्हणून त्याला पाय दोन. पण चार पायांचा आणि वर पंख असलेला ड्रॅगन म्हणजे अवयव झाले सहा! मग पंख उगवणार कुठून? आम्ही ते पाठीच्या मधोमध खोचत होतो, खेळण्याला चावी बसवावी तसे. खरं तर पंखाला स्वतःचा वेगळा खांदा द्यावा लागतो, पुढच्या पायाच्या खांद्याच्या जरा मागं आणि वर. ज्यांना हा घोळ नको त्यांनी दोन पायांचा काढावा. इंग्रजांच्या राजचिन्हांच्या शास्त्रात अशा दोन पायांच्याला वेगळं नावच आहे, वायव्हर्न.

इतकं सगळं करूनही आमचा ड्रॅगन चिकटवल्यासारखाच दिसे. डोकं बरं, पंख बरे, शेपटी तर उत्तम. पण सगळे वेगवेगळ्या घरून आल्यासारखे.

त्याचं उत्तर मिळालं ते धारवाडहून आलेल्या विहीणबाईंकडून. त्या श्रावणात आठ दिवस राहायला आल्या होत्या. रिकामं बसणं त्यांना माहीत नाही, येताना कौदी शिवायला घेऊन आल्या होत्या. कौदी म्हणजे आपली वाकळ. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे, परकरांचे तुकडे आणि त्यावर धावदोरा. आमचं चित्र त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "अक्का, जोड दिसायलाय." मग हातातली कौदी माझ्यासमोर धरून दाखवली. दोन तुकडे कडेला कड लावून शिवले की पहिल्याच धुण्यात उसवतात. एक तुकडा दुसऱ्याच्या खाली बोटभर सरकवायचा, मग दोरा घालायचा. "ओंदर म्याल ओंदु," त्या म्हणाल्या. एकावर एक.

नातवानं खोडरबर घेतलं. मान जिथं संपत होती आणि पंख जिथं सुरू होत होता, तिथली रेघ पुसली. मानेचे खवले तसेच पुढं खांद्यावर नेले, हळूहळू लहान करत पंखाच्या मुळाशी विरू दिले. आणि काय सांगू, तो पंख त्या अंगाचा झाला!

तेव्हा मला हळेबीडची आठवण झाली. लग्नानंतर एकदाच बघितलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत सगळेच निघालो. रेल्वेनं अरसीकेरेपर्यंत, वाटेत धारवाडला विहीणबाई डब्यात चढल्या, सोबत शेंगाचटणी आणि भाकऱ्यांचं गाठोडं. तिथून पुढं गाडीनं. बेलूरचं चन्नकेशव मंदिर १११७ सालचं. हळेबीडच्या होयसळेश्वराचं काम ११२१ च्या सुमारास सुरू झालं. सोमनाथपूरसह ही मंदिरं २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, हे तुम्ही वाचलं असेलच.

होयसळेश्वराच्या भिंतीच्या तळाशी कोरीव पट्ट्यांची चळत आहे. सगळ्यांत खाली हत्ती, त्यावर सिंह, मग वेलबुट्टी, घोडे, पुन्हा वेलबुट्टी, मग रामायण-महाभारतातले प्रसंग, त्यावर मकर आणि सर्वांत वर हंस. आम्ही मकराच्या पट्टीपाशी थांबलो. तिथले मार्गदर्शक सांगतात, मकर म्हणजे सात प्राण्यांचा एक प्राणी. जबडा मगरीचा, सोंड हत्तीची, पाय सिंहाचे, अंग डुकराचं, डोळे माकडाचे, शेपटी मोराची. कानांबद्दल मात्र एकमत नाही. कुणी गायीचे सांगतं, कुणी सशाचे.

झालं, आम्हा दोघी विहिणींची तिथं जुंपली. मी म्हटलं, कान गायीचे. त्या म्हणाल्या, "इल्ल, सशाचे." नातू मध्ये उभा. त्यानं दगडाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि निकाल दिला, "दोन्ही नाही. ते मकराचे किवी आहेत!"

यावर कोण काय बोलणार?

मी मात्र पुढं बराच वेळ जोड शोधत फिरत होते. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या शिल्पकारांपुढंही आमचाच प्रश्न होता की नाही? मोराची शेपटी डुकराच्या अंगाला लावायची कशी? त्यांनी ती लावलेलीच नाही. अंगाचा मागचा भाग वळत वळत पानाफुलांची वेल होतो आणि वेलीचाच पिसारा होतो. अंग कुठं संपलं आणि शेपटी कुठं सुरू झाली, बोट ठेवून दाखवता येत नाही. मानेशी कुठं आयाळ आहे, कुठं माळ आहे. ओंदर म्याल ओंदु. विहीणबाईंना ते दाखवलं तर त्या नुसत्या हसल्या. त्यांना त्यात नवल वाटलं नाही.

खरं म्हणजे अशा जोडप्राण्यांसाठी लांब जायचीही गरज नाही. घरातला एखादा सरकारी कागद काढून कर्नाटक सरकारचं चिन्ह बघा. मधोमध दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी आणि दोन्ही बाजूंना गजकेसरी, म्हणजे अंग सिंहाचं आणि सोंड हत्तीची. महाराष्ट्रात किल्ल्यांवर गेलात तर दरवाजावर शरभ कोरलेला दिसेल, कधी कधी पायाखाली हत्ती दाबून धरलेला. देवळाच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख तर दोन्हीकडे असतंच. दोन डोकी आणि अंग एक, यावर मला पुष्कळ बोलता येईल, पण ते या पानाचं काम नव्हे. ते पहिल्या पानावरची मंडळी करतात.

परतीच्या गाडीत नातवाला झोप येईना. मी त्याला नवगुंजराची गोष्ट सांगितली. ओडिया कवी सारळा दास यांनी पंधराव्या शतकात महाभारत रचलं, त्यात ती आहे. अर्जुन डोंगरावर तप करत असतो. एक दिवस त्याच्यासमोर एक विचित्र जनावर येऊन उभं राहतं. डोकं कोंबड्याचं, मान मोराची, वशिंड बैलाचं, कंबर सिंहाची, शेपटी म्हणजे साप. एक पाय हत्तीचा, एक वाघाचा, एक हरणाचा. असलं काही त्यानं कधी बघितलेलं नसतं. तो घाबरून धनुष्याला बाण लावतो. सोडणार, इतक्यात त्याचं लक्ष चौथ्या पायाकडे जातं. तो पाय नसतो. तो माणसाचा हात असतो आणि हातात कमळ असतं. अर्जुनाला उमगतं, हा तर प्रत्यक्ष देव. तो धनुष्य खाली ठेवतो आणि नमस्कार करतो.

नातू थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि बाण सोडला असता तर?"

वाचकहो, पोरं प्रश्न कुठं नेऊन ठेवतात बघा. समोरच्या बाकावर सूनबाई डोळे मिटून बसल्या होत्या, पण झोपल्या नव्हत्या. मी म्हटलं, "मी सोडला होता, बाळा. त्या दिवशी शेजारच्या काकूंसमोर. ना धड मराठी, ना धड कन्नड, असं म्हणाले होते. चुकलं माझं."

तो म्हणाला, "होय. मला राग आलता."

आठ वर्षांच्या पोरानं तीन महिने ते आपल्याजवळ ठेवलं होतं. मी सूनबाईंकडे बघून म्हटलं, "तुझ्यासमोर बोलले, तुझंही मन दुखावलं." त्यांनी डोळे उघडले. "इरली बिडरी, अत्ती," म्हणाल्या. जाऊ दे, असू दे. पण लगेच पुढं मराठीत म्हणाल्या, "पण बरं झालं बोललात."

तर मंडळी, तुमच्या घरातही ड्रॅगनचं वेड लागलेलं पोर असेल, तर आमची रीत लिहून ठेवा. आधी डोकं काढू नका. सगळी मुलं डोक्यापासून सुरुवात करतात आणि शेपटीला कागद पुरत नाही. आधी मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत पाठीची एकच वळणदार रेघ हलक्या हातानं काढा. तिच्यावर दोन अंडाकार बसवा, छातीचा मोठा, कमरेचा लहान. त्यांच्यापासून पाय खाली जमिनीपर्यंत आणा, म्हणजे जनावर उभं राहतं, लोंबकळत नाही. मग पंखाचा खांदा. मग डोकं, तेही खऱ्या प्राण्याचं बघून. सरड्याचं घ्या, घोड्याचं घ्या, शेजारच्या कुत्र्याचं घ्या. खवले सर्वांत शेवटी आणि सगळ्या अंगावर नकोत, पाठीवर आणि जोडांवर पुरेत. पेन्सिल एचबी चालते. खोडरबर मात्र चांगलं घ्या, त्याचं काम जास्त असतं.

आणि जिथं दोन प्राणी भेटतात, तिथं घाई करू नका. एक दुसऱ्याच्या खाली बोटभर जाऊ दे.

परवा रविवारी आम्ही मकर काढला, मोठ्या ड्रॉइंग शीटवर. सोंड माझी, पाय नातवाचे, पिसारा सूनबाईंचा. त्यांचा हात इतका चांगला आहे, हे नऊ वर्षांत मला माहीत नव्हतं. कान शेवटी राहिले. मी गायीचे काढायला घेतले.

"आजी," नातू म्हणाला, "तसं नको. किवी थोडं मोठं काढ की."

किवी नव्हे, कान, असं तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं आणि किवी मोठे काढले.